खुंटा

६ मे

प्रिय वहिनी,

पाकीट बघून दचकू नकोस. मी आजारी नाही आणि माझं लग्नही ठरलेलं नाही. मेल केली असती, पण तुझी मेलपेटी म्हणजे घरातला दिवाणखाना. येता-जाता कुणीही डोकावतं, आणि दादा तर तिथे ठाण मांडूनच बसलेला असतो. हे त्याच्या नजरेला पडायला नकोय.

सरांनी पीएचडीचं शेवटचं काम म्हणून मला काय दिलं असेल, सांग. दादाचा खुंटा! इथे सगळे त्याला खुंटाच म्हणतात. प्रथिनाच्या खोबणीत औषधाचा एक छोटा रेणू जाऊन बसतो आणि कितीही वेळ चालवा, जागचा हलत नाही, हे दादाने कॉम्प्युटरवर दाखवलं आणि त्या एका लेखावर तो मोठा झाला. मला तेच नव्या प्रोग्रॅमवर पुन्हा करून दाखवायचं होतं. सर म्हणाले, हातचा मळ आहे.

पण माझा खुंटा टिकत नाही. थोडा वेळ बसतो, डुगडुगतो आणि सुटून पाण्यात जातो. मी स्टेप लहान करून पाहिली, मशीन बदलून पाहिलं. तापमान म्हणशील तर दादाच्याइतकंच, दशांशापर्यंत तेवढंच. दादाचा जुना प्रोग्रॅम चालवला की खुंटा पक्का, माझा चालवला की सुटला. मशीनच्या खोलीत इतका गारठा असतो की मी मे महिन्यात स्वेटर घालून, एक चाक तुटलेल्या खुर्चीवर तोल सांभाळत बसते. सर रोज दारातून विचारतात, "सापडली का तुझी चूक?" चूक माझीच, हे त्यांनी धरून चाललंय. वर्षअखेरपर्यंत हे प्रकरण पुरं झालं नाही तर माझा विषय रद्द होईल, आणि मग डिग्रीला रामराम.

तो जुना प्रोग्रॅम लग्नाआधी तू लिहिला होतास ना? आई अजून सांगते, "ती लॅबमध्ये ह्याला टायपिंगला मदत करायची." हसू नकोस. मदत कर.

तुझीच,
भिंगरी


१५ मे

प्रिय भिंगरी,

टायपिंग करणारीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी वॉशिंग मशीनला टेकून वाचलं, आणि कपडे धुऊन झाल्याची शिट्टी वाजली तरी उठले नाही. "स्टेप लहान करून पाहिली" असं वाक्य मला उद्देशून कुणी लिहिलं, याला किती वर्षं झाली! मला इथे विचारतात ते हेच, की निळा शर्ट कुठे आहे.

ऐक. आपण काय करतो? प्रत्येक अणूवरचं बळ मोजतो, त्याला क्षणभर सरळ जाऊ देतो, पुन्हा मोजतो, पुन्हा ढकलतो. खरी वाट वळणाची असते आणि आपण तुकड्या-तुकड्याने सरळ जातो, म्हणून दर स्टेपला चिमूटभर चूक होते. ती टळत नाही. ती चूक जाऊन साठते कुठे, एवढं बघायचं असतं.

आता एक कर. फिल्म बघण्याआधी आपण सगळेच काय करतो? प्रत्येक चित्र पहिल्या चित्रावर जुळवून घेतो, म्हणजे रेणू पडद्याच्या मधोमध राहतो आणि बघणाऱ्याचे डोळे दुखत नाहीत. दात घासण्याइतकी अंगवळणी पडलेली गोष्ट आहे ती. जुन्या प्रोग्रॅमची फिल्म या खेपेस न जुळवता बघ. काय दिसेल ते मी सांगत नाही. तुझं तू बघ, त्यात मजा आहे.

आणि आता माझं. कुणापाशी बोलू नकोस. मला शिकवणाऱ्या आमच्या जुन्या बाईंनी नवा विभाग सुरू केलाय आणि त्यांना असले प्रोग्रॅम लिहिणारं माणूस हवंय. मी अर्ज केलाय. ऑगस्टच्या शेवटी मुलाखत आहे. तुझ्या दादाला अजून सांगितलेलं नाही. आधी होऊ तर दे. मोठी आता आठवीत गेली, धाकटा स्वतःचा स्वतः शाळेत जातो. आता नाही तर कधीच नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. दाखवायला माझ्याकडे एकच गोष्ट आहे, तो प्रोग्रॅम. त्यामुळे तुझ्या खुंट्यात माझाही जीव अडकलाय म्हणेनास!

तुझीच,
वहिनी


२ जून

वहिनी, अगं वहिनी!

न जुळवता बघितली. सगळं गाडं पडद्यावरून निघूनच गेलं! प्रथिन, औषध, भोवतीचं पाणी, सगळं एकाच दिशेला, एकाच वेगाने, पिशवीत गच्च भरलेल्या गोट्यांसारखं. आणि आत? आतली थरथर जवळजवळ बंद. बंध ताणले जात नाहीत, पाण्याचे रेणू वळत नाहीत. बर्फाचा खडा भिरकावून द्यावा तसा प्रकार. खुंटा टिकला नव्हताच गं, तो गोठला होता.

मग मी बसून हिशेब केला. ऊर्जेची वाटणी सारखी व्हायला हवी. पळण्याला, गरगरण्याला, थरथरण्याला, सगळ्यांना आपापला सारखा वाटा. समविभाजन, पहिल्या वर्षाचा धडा. इथे पळण्याने सगळ्यांचा वाटा गिळलाय. दर स्टेपच्या चुकीने तापमान जरा सरकतं, मग प्रोग्रॅम ते जागेवर आणायला सगळ्यांचे वेग एकाच आकड्याने गुणतो. त्या गुणाकारात दर वेळी थरथरीतलं थोडं हरवतं आणि पळण्यात जमा होतं. आपण तापमान मोजताना सगळ्यांचे वेग एकत्रच घेतो, म्हणून आकडा कायम बरोबर! आणि फिल्म जुळवून बघतो, म्हणून पळणंही दिसत नाही. इतक्या वर्षांत इतक्या लोकांनी ही फिल्म पाहिली आणि सगळ्यांनी आधी ती जुळवून घेतली.

आनंदाने मी त्या तुटक्या खुर्चीवरून पडले, खरंच पडले. मग घाबरले. हा दादाचा लेख आहे. आणि वहिनी, रागावू नकोस, पण तापमानाच्या फाईलवर तुझी, माहेरच्या नावाची आद्याक्षरं आहेत. ही चूक तुझी आहे का?

तुझी,
भिंगरी


११ जून

प्रिय भिंगरी,

रागावले नाही. लागलं मात्र. विचारलंस ते बरं केलंस, मनात ठेवून बसली असतीस तर आणखी लागलं असतं.

ती फाईल माझीच. पण मी लिहिली तेव्हा तिच्या तळाशी आणखी एक ओळ होती. अधूनमधून सगळ्या समूहाचं एकत्र पळणं मोजायचं आणि ते वजा करून टाकायचं. गरगरणंही तसंच. म्हणजे चोरी झाली तरी चोराला साठवायला जागा नाही. त्या ओळीमुळे ऊर्जेच्या आलेखात मधूनमधून बारीक दाते यायचे. तुझ्या दादाला ते खपेना. "आलेख करवतीसारखा दिसतो, लोक हसतील," म्हणायचा. मोठीच्या वेळी मी दवाखान्यात होते. परिषद तोंडावर आलेली. त्याने ओळ काढली, स्टेप दुप्पट केली. आलेख तुपासारखा गुळगुळीत! मी घरी आल्यावर कळलं. म्हटलं, अरे, ही ओळ शोभेची नव्हती. तर म्हणाला, "तापमान बरोबर येतंय ना? मग झालं. लेख गेलासुद्धा." लेखावर माझं नावही नव्हतं. तेव्हा मी रडले ते नावासाठी नाही, ओळीसाठी रडले. हे आज तुला सांगताना मलाच मी वेडी वाटते.

मग मीही मूग गिळले. बाळ मांडीवर होतं, भांडायला हात रिकामे नव्हते.

तुझी खातरी करून घे. तापमानाच्या फाईलमध्ये शेवटी ती ओळ घाल. ती कशी लिहायची ते मागच्या पानावर दिलंय, अजून पाठ आहे. दादाच्याच प्रोग्रॅममध्ये खुंटा सुटेल. गोठलेलं गाडं बघून तुला नवल वाटलं. मला वाटलं नसतं, मी तशाच गाड्यात बसलेय.

एकच मागते. माझी मुलाखत होईपर्यंत दादाच्या कानावर जाऊ देऊ नकोस. वर्षअखेरीला अजून अवकाश आहे. ऑगस्ट उलटला की मी स्वतः तुझ्याबरोबर उभी राहीन आणि सगळं सांगेन.

तुझीच,
वहिनी


१९ जुलै

प्रिय वहिनी,

उत्तराला फार उशीर झाला, काय करू, श्वास घ्यायला फुरसत नव्हती. ओळ घातली आणि खुंटा सुटला, अगदी तू म्हणालीस तसा. तू ग्रेट आहेस.

दादाला कळलं. मी आपणहून नाही सांगितलं हं! सरांना मात्र सांगावंच लागलं, ते रोजच दारात उभे. आणि सर आणि दादा एका बैठकीला भेटले, मग काय. मला वाटलं आता भूकंप होणार. पण दादा किती शांत गं! फोनवर म्हणाला, "शाब्बास, आपल्या घरात कुणीतरी डोळे उघडे ठेवून बघतंय." तो स्वतःच दुरुस्ती छापणार आहे, आणि त्याबरोबर आमच्या दोघांचा नवा लेख. माझं नाव पहिलं, वहिनी! सर म्हणतात, एवढ्यावर डिग्री कुठे गेली नाही. मी उगाच त्याला घाबरत होते. माणसाने चूक कबूल करायची तर अशी.

बाकी ठीक. मशीनच्या खोलीत मला नवी खुर्ची मिळाली.

तुझी,
भिंगरी

ता.क. तुझ्या मुलाखतीचं दादाला आधीच माहीत होतं का? त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, म्हणून मी हो म्हटलं.


२७ जुलै

भिंगरी,

नाही. त्याला माहीत नव्हतं. तो असंच विचारतो, आणि समोरचा असंच सांगतो.

काल जेवणं झाल्यावर तुझ्या दादाने टेबलावर एक कागद ठेवला. ताटं अजून उचलायची होती. दुरुस्तीचा मसुदा. तू तो वाचला असशीलच, तरी त्यातलं वाक्य तुझ्यासाठी उतरवते: "तापमान-नियंत्रणाचा भाग आमच्या एका पूर्वीच्या सहकारी यांनी लिहिला होता व त्यात मूलभूत चूक होती, असे आता आढळून आले आहे." सहकारी या शब्दापुढे माझं नाव. माहेरचं. आडनावासकट.

नाव छापायचं तर त्या माणसाची संमती लागते, असा मासिकाचा नियम आहे. म्हणून माझी सही हवी आहे. अंक ऑगस्टच्या मध्यावर निघतो. मुलाखत ऑगस्टच्या शेवटी. बाईंच्या समितीतला प्रत्येक जण ते मासिक वाचतो. दाखवायला माझ्याकडे एकच गोष्ट आहे, असं तुला लिहिलं होतं. आता तीच माझ्या तोंडावर फेकून मारायला निघालेत.

मी म्हटलं, "ओळ तू काढलीस." तो म्हणाला, "कुठली ओळ?" आणि पाणी प्यायला. भिंगरी, तो खोटं बोलताना नेहमी पाणी पितो, तुलाही ठाऊक आहे.

फाईलवर माझी अक्षरं आहेत, हे त्याला कुणी सांगितलं? त्याने ती फाईल गेल्या कित्येक वर्षांत उघडलेली नाही. आणि ती ओळ खरी आहे, हे तू स्वतः चालवून बघितलंस. एवढंच लिही त्याला, किंवा मासिकाला. एवढंच.

वहिनी


३ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचून मला रडूच आलं. तू मला असं कोरडं कधी लिहीत नाहीस.

दादाने विचारलं, गडबड कुठल्या फाईलमध्ये आहे आणि ती कुणाची. मी म्हटलं, वर वहिनीची अक्षरं आहेत. यात खोटं काय बोलले? ती ओळ घातली की खुंटा सुटतो, हे मी पाहिलं, मान्य. पण ती आधी तिथे होती, हे मी कुठे पाहिलंय? दादा म्हणतो, अशी ओळ कधी नव्हतीच. तू म्हणतेस, होती. तुम्ही दोघंही मला सारखेच, मी कुणाची बाजू घेऊ?

आणि जरा शांतपणे विचार कर ना. नाव माहेरचं आहे, ते कुणाच्या लक्षात येणार? दादाने मुद्दाम तेच घातलं, तुझी बदनामी नको म्हणून. बाई तर तुला ओळखतात, एका वाक्याने त्यांचं मत थोडंच बदलणार? आणि समज, नाहीच झालं या वेळी, तरी तुला घर आहे, मुलं आहेत, दादा आहे. माझ्याकडे या डिग्रीशिवाय काय आहे? दादा म्हणाला, दुरुस्ती अडली तर आमचा लेखही अडेल, आणि लेख अडला तर वर्षअखेर गाठता येणार नाही.

एक सही आहे गं. मी जन्मभर उपकार विसरणार नाही.

तुझीच,
भिंगरी


२६ सप्टेंबर

भिंगरी,

पत्राला उशीर झाला. मुद्दाम केला. तोंडाला येईल ते लिहिलं असतं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी सहीला बसले. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात, ती बायजी कशी दिसते ते या वयात बघायला मिळालं, आणि तीही मी जिच्या वेण्या घालून दिल्या ती. असो. मसुदा घेतला आणि माहेरचं आडनाव खोडलं. वर तुमचं लिहिलं, तुझं, दादाचं, आईंचं आडनाव. मग खाली सही केली आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. म्हटलं, "चूक घरातली आहे, तर आडनावही घरचंच असू दे."

त्याने वाचलं. म्हणाला, "अगं, हे असं छापलं तर लोक काय म्हणतील?"

म्हटलं, "म्हणतील की प्रोग्रॅम बायकोने लिहिला होता. नवरा तेरा वर्षं मिरवत होता, आणि बिघडल्यावर त्याला तिची आठवण झाली."

तो पाणी प्यायला. कागद घेऊन आत गेला. माझी बदनामी टाळायला म्हणे माहेरचं नाव! त्याची होत होती तेव्हा सगळं वाक्यच गेलं. छापून आलं ते तू वाचलंस: "एका तांत्रिक त्रुटीमुळे." आता ती चूक कुणाचीच नाही. आपोआप झाली, दूध नासतं तशी.

त्या रात्री मला जिंकल्यासारखं वाटलं. मी मूर्ख.

मुलाखतीला गेले. चांगली साडी नेसून, केस नीट बांधून. पाच माणसं, बाई कोपऱ्यात. एकाने विचारलं, इतकी वर्षं काय केलंत. मी म्हटलं, प्रोग्रॅम लिहिला. कुठला, तर तो. ते म्हणाले, तो तर अमक्यांचा ना? म्हटलं, हो, ते माझे यजमान. त्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग त्यांतला तरुण होता त्याने पुढ्यातला अंक माझ्याकडे वळवला. तुझा लेख. तुझं नाव पहिलं, दादाचं दुसरं. त्याने एका चौकटीवर बोट ठेवलं, "आम्ही सुचवलेली नवी सुधारणा," आणि अगदी आदराने विचारलं, "ही ओळ तुम्ही वाचली आहे का? हिचं महत्त्व आम्हाला समजावून सांगाल?"

माझी ओळ. मागच्या पानावर तुला लिहून दिलेली, तशीच्या तशी.

मी म्हटलं, "ही मी लिहिली होती." ते हसले नाहीत, हसले असते तर बरं झालं असतं. कीव आल्यासारखं बघितलं. एकाने विचारलं, "कुठे तुमचं नाव आहे का?" आता विचार कर, तो मसुदा पहिल्यांदा होता तसा, माहेरच्या नावानिशी, चूक करणारी म्हणून का होईना, छापला गेला असता तर माझ्याकडे एवढा तरी पुरावा होता की तो प्रोग्रॅम माझ्या हातचा आहे. तोही मीच माझ्या हाताने खोडला. दगडाखालचा हात काढायला गेले आणि दगडच अंगावर घेतला.

बाई बाहेर जिन्यापर्यंत आल्या. म्हणाल्या, "मला माहीत आहे गं. पण समितीला कागद लागतो." त्या खोटं बोलत नव्हत्या, त्यांचे डोळे भरले होते. पण नेमणूक त्या तरुणाच्या ओळखीतल्या एकाची झाली. मागच्या आठवड्यात कळलं.

तू लिहिलंस, तुम्ही दोघंही मला सारखेच. भिंगरी, तुझा सगळा लेख सारख्या वाटणीवर आहे आणि तुला एवढं कळू नये? एकाने सगळ्यांचा वाटा गिळला असताना जो दोघांना सारखंच मापतो, तो गिळणाऱ्याच्याच बाजूचा असतो. तू दुसरी बाजू घेतली असतीस तर तुझी डिग्री कदाचित लांबली असती. मला तेवढंही नको होतं. मी फक्त ऑगस्ट उलटेपर्यंत थांब म्हटलं होतं.

इथे म्हणशील तर सगळं सुरळीत आहे. तुझा दादा परवा पुन्हा परिषदेला गेला. आई खूश आहेत, "दोन्ही मुलांची नावं एका लेखावर," असं शेजारी सांगत असतात. मोठीने लेख उघडून बघितला आणि मला विचारलं, "आई, यात तू कुठे आहेस?" मी तिला म्हटलं, जेवायला बस.

तुझ्या प्रबंधाचं पहिलं पान दादाच्या मेलपेटीत आलेलं दिसलं. माझी पेटी सगळे वाचतात, मीही एकदा त्याची वाचली. आभारात शेवटी लिहिलंयस, "माझ्या वहिनीस, तिच्या प्रेमळ पाठिंब्याबद्दल." पाठिंबा मी दिला नव्हता, उत्तर दिलं होतं. ते वाक्य काढून टाक. नाव तर तिथेही नाहीच, त्यामुळे खोडायला तुला त्रास पडणार नाही.

अभ्यास नीट कर. तोंडी परीक्षेत ती ओळ का लागते ते विचारतील. मागच्या पानावर सगळं दिलेलं आहे.

तुझ्या दादाची बायको